नव्या स्पोर्ट्‌स कारचं इंजिन खरंच बसतं का?

टोयोटाची जीआर ८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड. २०२२ च्या मॉडेलपासून या दोन्ही गाड्यांत २.४ लिटरचं नवं इंजिन आलं आणि जुन्या गाडीबद्दलची 'ताकद कमी पडते' ही तक्रार संपली. हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल गिअरची आणि अमेरिकेत तीस हजार डॉलरच्या आसपास मिळणारी अशी स्पोर्ट्‌स कार आता जगात फारशी उरलेली नाही. भारतात ती अधिकृतपणे विकली जात नाही. पण अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात नोकरीला लागलेल्या मुलाने 'हीच घेतो' म्हटलं, की घरात चौकशी सुरू होते आणि पहिल्याच शोधात हाती लागतं ते असं: चेंबर (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) उघडला तर तेल गाळणाऱ्या जाळीत सिलिकॉन (सांधे बंद करणारं रबरासारखं द्रव्य) सापडतं, उजव्या वळणावर ऑइल प्रेशर पडतं, बेअरिंग जातं, इंजिन बसतं.

घाबरायचं की दुर्लक्ष करायचं, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण इथे दोन वेगळ्या भीती एकत्र कालवल्या गेल्या आहेत. एक आहे जोडणीच्या वेळी आत राहिलेल्या सिलिकॉनची, आणि ती कुणाच्याही गाडीला लागू होऊ शकते. दुसरी आहे जोरदार वळणात तेल बाजूला पळण्याची. ती फक्त रेस ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याची आहे. आपली भीती कुठली हे कळलं, की काय करायचं तेही बरंचसं कळतं. त्यासाठी आधी इंजिनच्या पोटात काय चालतं ते बघू.

तेलावर तरंगणारं लोखंड

बेअरिंग म्हटलं की सायकलच्या हबमधलं गोळ्यांचं बेअरिंग डोळ्यांपुढे येतं. इंजिनचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, ज्यावर फिरतो त्या बेअरिंगमध्ये गोळ्या नसतात. त्या असतात पातळ पत्र्याच्या दोन अर्धगोल कवच्या, ज्यांना मेकॅनिक 'शेल' म्हणतात. क्रँक आणि शेल यांच्यामधली फट मिलिमीटरच्या तीन ते पाच शतांश भागाएवढी, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या साधारण निम्मी. त्या फटीत दाबाने तेल येतं आणि फिरता क्रँक त्या तेलावर तरंगतो. धातूला धातू टेकत नाही.

पावसात एक्स्प्रेस वेवर जोरात जाणारी गाडी साचलेल्या पाण्यावर अलगद उचलली जाते आणि टायरचा रस्त्याशी संबंध सुटतो, तसंच हे. टायरसाठी जे संकट, तेच बेअरिंगसाठी जीवन. आणि ते संकट इथे सेकंदभरही थांबता कामा नये. ७००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ७००० फेऱ्यांना, क्रँक सेकंदाला जवळपास ११७ फेरे मारतो. याच इंजिनचा पिस्टन ८६ मिलिमीटर वर-खाली होतो, म्हणजे त्या वेगाला त्याची सरासरी गती सेकंदाला २० मीटर, तासाला ७२ किलोमीटर भरते. प्रत्येक फेऱ्यात हा पिस्टन थांबतो आणि उलटा फिरतो, आणि तो सगळा हिसका पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या टोकाशी असलेल्या त्या पातळ शेलवर येतो.

तेलाचा पडदा फाटला, की शेलचा मऊ थर घासून वितळायला लागतो. फट वाढली की तेल तिथून लवकर निसटतं, तेल निसटलं की दाब आणखी पडतो. शेवटी शेल आपल्या जागेवरून सरकून क्रँकबरोबर फिरते. याला गॅरेजमध्ये 'बेअरिंग फिरलं' म्हणतात. त्यापुढे एक तर इंजिन जॅम होतं, नाही तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. बेअरिंगचे शेल स्वस्त असतात, पण गेले की सहसा सगळं इंजिनच जातं.

विहिरीवरची मोटर आणि चेंबरमधली जाळी

तेल राहतं इंजिनच्या तळाशी, चेंबरमध्ये. तिथून एक नळी ते वर ओढते. नळीच्या तोंडाशी जाळी, वर पंप, पुढे फिल्टर, आणि मग बेअरिंग. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको, विहिरीवरच्या मोटरची हीच मांडणी. पाइपच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह, त्याला जाळी. जाळीत पालापाचोळा अडकला की मोटर फिरते पण पाणी कमी येतं. पाणी जाळीच्या खाली गेलं की मोटर हवा धरते आणि पाइपातून फसफस सुरू होते.

वर सांगितलेल्या दोन भीती म्हणजे नेमक्या याच दोन गोष्टी. सिलिकॉन म्हणजे जाळीतला पालापाचोळा. वळणात तेल पळणं म्हणजे फूटव्हॉल्व्ह उघडा पडणं.

सिलिकॉन आत जातंच कसं?

पूर्वी दोन भागांच्या मध्ये कागदाचं किंवा रबराचं गॅस्केट घालत. आता बहुतेक कंपन्या ट्यूबमधून निघणारं सिलिकॉन वापरतात. ते पेस्टसारखं लावायचं, भाग बोल्टने आवळायचे, हवेतल्या दमटपणाने ते रबरासारखं घट्ट होतं. कारखान्यात ते यंत्र लावतं. गॅस्केटचे वेगवेगळे आकार साठवायला नकोत, काम झटपट होतं, आणि सांधा गळतही नाही.

अडचण एवढीच की दोन भाग आवळले की जादा सिलिकॉन बाहेर येतं आणि आतही. बाहेरचं दिसतं. आतलं शेवयांसारखं कडेला लोंबत राहतं. बहुतेक वेळा ते तिथेच चिकटून राहतं, पण एखादा बारीक तुकडा गरम तेलाच्या माऱ्याने निखळला तर तो चेंबरमध्ये पडतो आणि जाळीकडे ओढला जातो. या गाड्यांचा चेंबर उघडल्यावर जाळीला चिकटलेले निळसर-राखाडी तुकडे दिसतात, त्याचे फोटो म्हणूनच इतके फिरतात.

हे तुकडे बेअरिंगमध्ये जाऊन घासत नाहीत. जाळी त्यांना अडवते आणि जाळीतून जे बारीक निसटतं ते पुढचा फिल्टर धरतो. नुकसान होतं ते जाळी अरुंद झाल्यामुळे. जाळीचं क्षेत्रफळ गरजेपेक्षा जास्तच ठेवलेलं असतं, म्हणून दोन-चार तुकड्यांनी रोजच्या चालवण्यात फरक जाणवत नाही. पण इंजिन ७००० वर आहे, पंप जास्तीत जास्त तेल मागतोय, आणि तेव्हाच जाळीचा काही भाग बंद आहे, अशा वेळी हाताशी ठेवलेली ती शिल्लक संपते.

परात आणि तांब्या

आता दुसरी भीती. या इंजिनात चार सिलिंडर उभे नसून आडवे, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, समोरासमोर झोपलेले आहेत. याला बॉक्सर इंजिन म्हणतात. सुबारूची ही जुनी ओळख, पोर्शेचीही. फायदा असा की वजन जमिनीलगत राहतं आणि गाडी वळणात कमी कलते. इंजिन इतकं खाली बसवायचं तर खालचा चेंबरही उथळ आणि पसरट ठेवावा लागतो.

परातीत पाणी घेऊन चालून बघा, तेवढंच पाणी तांब्यात घेऊन चालून बघा. तांब्यातलं जागेवर राहतं, परातीतलं एका काठाला धावतं. बॉक्सरचा चेंबर परातीच्या जातीचा आहे. त्यात आणखी एक भर आहे. उभ्या इंजिनात वर गेलेलं तेल आपल्या वजनाने खाली ठिबकतं. बॉक्सरची डोकी, म्हणजे सिलिंडरवरची व्हॉल्व्हची झाकणं (सिलिंडर हेड), दोन्ही बाजूंना आहेत आणि तिथून परत येणारी वाट जवळपास आडवी. गाडी उजवीकडे वळली की तेल डावीकडे दाबलं जातं, डाव्या डोक्यात गेलेलं तेल वळण संपेपर्यंत तिथेच अडकून पडतं. चेंबरमध्ये तेल येत नाही आणि पंप तर उपसतच असतो.

किती उपसतो? अशा इंजिनचा पंप वरच्या आरपीएमला मिनिटाला साधारण चाळीस-पन्नास लिटर तेल फिरवतो. इंजिनात एकूण तेल पाच लिटरच्या आसपास. म्हणजे सगळं तेल सहा-सात सेकंदांत एक चक्कर मारून येतं. त्यातलं लिटर-दीड लिटर कुठे अडकलं, तर जाळी उघडी पडायला वेळ लागत नाही. ट्रॅकवर स्वतःचं प्रेशर मीटर बसवून नोंदी घेणाऱ्यांना लांब उजव्या वळणांवर दाब खाली येताना दिसला, त्यामागचं कारण हे.

घाटातलं वळण आणि ट्रॅकवरचं वळण

'आम्ही ट्रॅकवर जात नाही, पण घाट तर आहेतच की,' हा प्रश्न इथे येणारच. गणित सोपं आहे. वळणात गाडी बाजूला जितक्या जोराने ढकलली जाते तो जोर पृथ्वीच्या ओढीच्या तुलनेत मोजतात. पृथ्वीच्या ओढीइतका जोर म्हणजे १ जी. बाजूचा जोर १ जी झाला की चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो.

घाटातलं ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं तर जोर येतो ०.४ जी. तेल २३ अंशांच्या आसपास कलतं, तेही दोन-तीन सेकंद, आणि लगेच पुढचं वळण उलट बाजूचं. इंजिनही तेव्हा ३०००-४००० वर. कुठल्याही चेंबरला हे जमतं. त्याच वळणावर १ जी यायला वेग ताशी ६० च्या पुढे लागेल. रहदारीच्या घाटात तो वेग गाठणाऱ्याने इंजिनआधी समोरून येणाऱ्या एसटीची काळजी करावी.

ट्रॅकवर १०० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ११३ किलोमीटरने घेतलं की बरोबर १ जी होतो. नव्वद अंश वळायला पाच सेकंद लागतात. त्या पाच सेकंदांत तेल ४५ अंशांत कललेलं, इंजिन ६०००-७००० वर, क्रँकचे पाचशेहून जास्त फेरे. त्यात गाडीला आलेल्या टायरपेक्षा जास्त चिकट, ट्रॅकचे टायर घातले तर १.१ ते १.२ जी मिळतो आणि तेल ५० अंशांपर्यंत कलतं. टायर बदलले की चेंबरची परीक्षाही अवघड होते, हे फार कमी जण लक्षात घेतात.

'टोयोटा असून असं कसं?'

हे इंजिन सुबारूचं आहे आणि दोन्ही गाड्या जपानमधल्या गुन्मा प्रांतातल्या सुबारूच्या कारखान्यातच बनतात. टोयोटाचा इंजिनातला वाटा म्हणजे पेट्रोल आत फवारण्याची दुहेरी पद्धत. पण 'टोयोटाचं असतं तर झालंच नसतं' हेही खरं नाही. मे २०२४ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टुंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या. कारण, कारखान्यातल्या यंत्रकामाचा चुरा इंजिनात राहिला होता. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही-८ इंजिनच्या जवळपास ६ लाख गाड्या रॉड आणि क्रँकच्या दोषासाठी बोलावल्या, आणि तपासणीत पास झालेल्या इंजिनांत आधीच्या पातळ ०डब्ल्यू-२० ऐवजी जाड ०डब्ल्यू-४० तेल घालायला सांगितलं.

महागड्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. बीएमडब्ल्यूच्या २००१ ते २००३ च्या एम३ मध्ये रॉडची बेअरिंगं जात होती. कंपनीने ती बदलून दिली. २०१४ मध्ये पोर्शे ९११ जीटी३ च्या नव्याकोऱ्या गाड्यांना आग लागली तेव्हा रॉडचा बोल्ट ढिला होऊन ब्लॉक फुटल्याचं आणि सांडलेलं तेल पेटल्याचं निष्पन्न झालं. कंपनीने जगभरातल्या ७८५ मालकांना गाडी चालवू नका म्हणून सांगितलं आणि सगळ्यांची इंजिनं बदलली. त्या इंजिनाला तर ड्राय संप होता, म्हणजे तेल पसरट चेंबरमध्ये न ठेवता वेगळ्या उंच टाकीत ठेवण्याची पद्धत. परातीचा प्रश्न तिथे सुटलेला होता, दुखणं निघालं बोल्टमध्ये.

एकच रोग सगळीकडे नाही, पण बहुतेक वेळा शेवट त्याच जागी होतो, क्रँक आणि रॉडच्या सांध्यावर. सर्वांत जास्त ताण आणि सर्वांत कमी फट तिथेच असते.

'एवढे फोटो आहेत, म्हणजे सगळीच इंजिनं जाणार ना?'

नाही. जाळीत सिलिकॉनचे तुकडे सापडणं आणि इंजिन जाणं, यात मोठं अंतर आहे. तुकडे सापडले तरी नीट चालणारी इंजिनं आहेत. आणि ज्याची गाडी रोज ऑफिसला जाऊन येते तो चेंबर उघडून फोटो टाकत बसत नाही. उलटही तितकंच खरं: 'माझ्या गाडीला काही झालं नाही' हा पुरावा नव्हे, कारण सांगणारा ट्रॅकवर जातो की बाजारात, हे त्या वाक्यात नसतं.

'मग चेंबर उघडून साफ करून घेतला तर?'

नवी गाडी घेतल्या घेतल्या हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खालचा चेंबर काढला की जाळी दिसते, साफ करता येते, काम अवघडही नाही. पण तो परत बसवताना पुन्हा सिलिकॉनच लावायचं असतं. घाईत जाड थर लागला तर आपणच नवे तुकडे आत सोडतो. शिवाय वरचा चेंबर आणि पुढचं टायमिंग कव्हर यांचेही सांधे सिलिकॉनचेच, त्यांच्या आतल्या कडा खालून दिसत नाहीत.

याचा धडा याच गाडीच्या आधीच्या पिढीने दिलेला आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुबारूने व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटण्याच्या दोषासाठी जगभरातल्या ४ लाखांच्या आसपास गाड्या बोलावल्या, त्यात सुरुवातीच्या बीआरझेड आणि तिच्या टोयोटा बहिणीही होत्या. दुरुस्तीसाठी इंजिन उतरवून उघडावं लागत होतं आणि सांधे पुन्हा सिलिकॉनने बंद करावे लागत होते. दुरुस्तीनंतर काही इंजिनं जॅम झाली आणि बोट दाखवलं गेलं ते आत सुटलेल्या सिलिकॉनकडे.

ज्याला ट्रॅकवर जायचंच आहे त्याने मात्र पहिल्या ट्रॅकआधी जाळी बघून घ्यावी. ऑइल बदलताना ड्रेन बोल्टच्या भोकातून बारीक एंडोस्कोप कॅमेरा घालून जेवढं दिसेल तेवढं आधी बघावं. उघडायची वेळ आलीच तर दोन्ही बाजूंचं जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढावं, धातूची पट्टी ॲल्युमिनियमवर चरे पाडते. मग जागा ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी करावी. सिलिकॉनची बारीक, सलग रेघ कंपनीच्या मापाने ओढावी, जिथे बोल्टचं भोक असेल तिथे रेघ भोकाच्या आतल्या बाजूने जावी. बोल्ट दिलेल्या टॉर्कलाच आवळावेत आणि सिलिकॉनच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ जाईपर्यंत तेल भरू नये. यातली सगळ्यात जास्त चूक होते ती शेवटच्या गोष्टीत: अर्धवट सुकलेल्या सिलिकॉनवर गरम तेल गेलं की ते सुटतंच.

जाड तेल घातलं की झालं?

तेलाच्या डब्यावरचा दुसरा आकडा गरम झाल्यावरची जाडी सांगतो. १०० अंश सेल्सियसला २० चं तेल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० चं ९.३ ते १२.५, ४० चं १२.५ ते १६.३. जितकं जाड, तितका पडदा तापल्यावरही टिकतो. ट्रॅकवर तेल १२० अंशांच्या पुढे जातं तेव्हा २० चं तेल फारच पातळ होतं, म्हणून तिथे ३० किंवा ४० वापरणं शहाणपणाचं आहे. टोयोटाच्या पुस्तिकांतही अतिवेग किंवा जास्त ताण असेल तर जाड तेल अधिक योग्य ठरू शकतं असं वाक्य असतं. रस्त्यावरच्या गाडीला दिलेलं ०डब्ल्यू-२० पुरतं.

पण जाड तेलाने वळणाचा प्रश्न सुटत नाही. जाळी उघडी पडली की पंप हवाच ओढणार, डब्यावर २० लिहिलेलं असो की ६०.

'फुल' खुणेच्या वर अर्धा लिटर जास्त तेल भरायची पद्धत ट्रॅकवाल्यांत आहे. परातीत पाणी जास्त असलं की जाळी उशिरा उघडी पडते, एवढंच त्याचं गणित. उपयोग होतो, पण थोडा. त्याहून जास्त भरलं तर फिरता क्रँक तेल घुसळून त्यात फेस करतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. जादा तेल इंजिनच्या श्वासनळीतून इनटेकमध्ये जाऊन जळतंही.

खरा उपाय चेंबरमध्ये आहे. पाण्याच्या टँकरच्या पोटात आडव्या भिंती असतात, म्हणून ब्रेक लावल्यावर सगळं पाणी एकदम पुढे धावत नाही. तशाच पत्र्याच्या भिंती चेंबरमध्ये बसवता येतात. त्यांना बॅफल म्हणतात. त्यांतल्या चांगल्यांना एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात: तेल जाळीकडे येऊ शकतं, परत पळू शकत नाही. त्याने दाब पडणं कमी होतं, पूर्ण थांबतंच असं नाही, कारण डोक्यात अडकलेल्या तेलावर बॅफलचा काही इलाज नाही. त्यापुढची पायरी म्हणजे अक्युम्युलेटर. दोन-तीन लिटर तेल दाबाखाली साठवणारं एक नळकांडं. इंजिनमधला दाब पडला की ते आपल्यातलं तेल बेअरिंगकडे ढकलतं. चिकट टायर घालून वर्षातून दहा-बारा दिवस ट्रॅकवर जाणाऱ्याने एवढा खर्च करायलाच हवा. वर्षातून एक दिवस, गाडीच्या मूळ टायरवर जाणाऱ्याला जाड तेल, पूर्ण भरलेली पातळी आणि एक मीटर इतकं बास.

मीटर का? डॅशबोर्डवर तेलाचं तापमान दिसतं, दाब दिसत नाही. लाल दिवा लागतो तो दाब जवळपास संपल्यावर. तोवर बेअरिंगचं जे व्हायचं ते झालेलं असतं. जुना ठोकताळा दर हजार आरपीएमला १० पीएसआयचा: ६००० ला ६० च्या आसपास दाब असावा. काटा वळणात ६० वरून २० वर येत असेल तर त्या वळणात पाय उचलायचा, आणि त्या दिवशी तिथेच थांबायचं.

वॉरंटीचं काय?

अमेरिकेत टोयोटाची इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी ५ वर्षं किंवा ६० हजार मैल. कंपनी तिथल्या खरेदीदाराला नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनचं एक वर्षाचं सभासदत्व आणि ट्रॅकवर गाडी शिकण्याचा एक दिवस मोफत देते. तरीही २०२२ मध्ये एका मालकाचा जाळीत सिलिकॉन सापडलेल्या इंजिनचा दावा सुरुवातीला नाकारला गेला, आणि कारण दाखवलं गेलं ते गाडी घसरवत चालवतानाच्या फोटोचं. ती बातमी गाजली ती म्हणूनच. ट्रॅकसाठी म्हणून जाहिरात केलेली गाडी ट्रॅकवर नेली म्हणून वॉरंटी अडवणं मला अन्यायाचं वाटतं. पण शर्यत किंवा गैरवापर यांचा अपवाद वॉरंटीच्या कागदात छापलेला असतो आणि तो वाचूनच गाडी घ्यावी.

अमेरिकेतला १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा ग्राहकाच्या बाजूने एक गोष्ट करतो: बाहेरचं फिल्टर किंवा तेल वापरलं एवढ्यावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, त्या वस्तूमुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येक ऑइल बदलाचं बिल, तेलाचा प्रकार, तारीख आणि मैल लिहून ठेवावेत. घरी बदललं तर डब्याचा आणि मीटरचा एकत्र फोटो काढून ठेवावा.

भारतात बीएमडब्ल्यू एम२ किंवा पोर्शे ९११ घेणाऱ्याला तेल पळण्याची ही अडचण कदाचित नसेल, विम्याची आहे. आपल्याकडच्या मोटार विम्यातून संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, आणि यांत्रिक बिघाडही. 'इंजिन प्रोटेक्ट' हा जोड विमा साधारणपणे पाणी शिरून किंवा तेल गळून झालेल्या नुकसानीसाठी असतो. ट्रॅकवर बेअरिंग गेलं तर तो कामाचा नाही.

रोज चालवणाऱ्याने काय करावं

फार काही नाही, पण जे आहे ते नेमाने. पहिले १६०० किलोमीटर आरपीएम ४००० च्या आत ठेवावं आणि एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नये. पहिलं ऑइल आणि फिल्टर त्याच सुमारास बदलावं, पुस्तिकेतल्या मुदतीची वाट बघू नये. नव्या इंजिनात झिजेचा चुरा सर्वांत जास्त याच काळात निघतो. पुढे ८००० किलोमीटरला बदलत जावं. सकाळी इंजिन थंड असताना गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक महिन्यातून दोनदा बघावी. वरच्या आरपीएमला चालवलं की हे इंजिन थोडं तेल पितं, त्यात नवल नाही, पण खालच्या खुणेवर आलेलं तेल वळणात धोक्याचं. आणि तेलाचं तापमान ८० अंश दिसेपर्यंत ४००० च्या वर नेऊ नये. पाण्याचा काटा आधी वर येतो, त्यावर विसंबू नये, तेल नेहमी मागाहून तापतं.

फिल्टर कापून बघताना

बिघाडाची पहिली चाहूल कानाला लागेपर्यंत उशीर झालेला असतो, ती आधी फिल्टरमध्ये दिसते. या इंजिनचा फिल्टर वरच्या बाजूला आहे, हात सहज पोचतो. काढल्यावर तो तासभर उलटा ठेवून निथळू द्यावा. डब्याचं झाकण उघडतो तसल्या कटरने पत्रा कापावा, करवतीने नाही, करवतीचा भुगा आत पडतो आणि आपणच घाबरतो. आतला घडीचा कागद सोडवून पांढऱ्या कापडावर पसरावा आणि उन्हात तिरका धरून बघावा. राखाडी गाळ चालतो. चकाकणाऱ्या चंदेरी किंवा तांबूस चकत्या चालत नाहीत. चुंबक फिरवल्यावर जे चिकटतं ते पोलाद, मग शंका क्रँक, टायमिंगची साखळी अशा भागांवर. जे चिकटत नाही ते ॲल्युमिनियम किंवा तांबं, म्हणजे बहुधा बेअरिंगचा शेल. रबरासारखे, नखाने ताणले जाणारे कण दिसले तर ते सिलिकॉन, आणि तसेच मोठे तुकडे खाली जाळीवर असण्याची शक्यता मोठी.

तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. अहवालात शिसं, तांबं, कथील आणि ॲल्युमिनियम एकत्र वाढताना दिसले तर बेअरिंग झिजतंय. एकटं सिलिकॉन (अहवालातलं हे मूलद्रव्य, सांध्यांतलं रबरी सिलिकॉन त्यापासूनच बनतं) जास्त आलं म्हणून नव्या गाडीच्या मालकाने झोप उडवून घेऊ नये: नव्या इंजिनच्या पहिल्या दोन-तीन अहवालांत ते सांध्यांतल्या सिलिकॉनमधून येतंच आणि हळूहळू उतरतं. ते उतरायचं सोडून पुढे वाढायला लागलं तर एअर फिल्टरच्या फटीतून धूळ शिरतेय का ते बघावं, कारण धुळीतही हेच मूलद्रव्य असतं.

आणि आवाज. थंडीत सुरू केल्यावर वरून येणारी बारीक टिक-टिक ही पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची, ती निरोगी आहे. खालून येणारी, जड, हातोडीने लाकडावर मारल्यासारखी ठक-ठक, जी आरपीएमबरोबर भराभर होते आणि ॲक्सिलरेटर सोडताना जास्त स्पष्ट ऐकू येते, ती रॉडच्या बेअरिंगची. ती ऐकली की गाडी त्याच जागी बंद करायची आणि टोइंगवर न्यायची, गॅरेज अर्ध्या किलोमीटरवर असलं तरी. सर्व्हिस सेंटरला चेंबर उघडायला सांगताना आपण समोर उभं राहावं, आणि जाळी पुसायच्या आधी तिचा फोटो काढून घ्यावा.